गिऱ्हाइकाचा धर्म

नव्याचे नऊ दिवस, असे आपण सहज बोलून जातो. नव्या नोकरीविषयी बोलतो, नव्या शेजाऱ्याविषयी बोलतो, कोपऱ्यावर उघडलेल्या नव्या दुकानाविषयी तर हमखास बोलतो. परंतु दहाव्या दिवशी नेमके काय बिघडते, आणि जे बिघडते त्यात आपला स्वतःचा हात किती असतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आमच्यावर ती पाळी एका अगदी क्षुल्लक प्रसंगाने आणली. प्रसंग पिझ्झ्याचा आहे. वाचक कदाचित हसतील. जगात पोटभर अन्न न मिळणारी माणसे असताना खाण्याच्या चोचल्यांवर काय लिहावयाचे, असेही कोणी म्हणेल. आणि ते म्हणणे खोटे नाही. तरीही माणसाच्या सचोटीची परीक्षा मोठ्या प्रसंगांत क्वचित होते. ती रोजच्या देण्याघेण्यात, वीस-तीस रुपयांच्या हिशेबात आणि दोन शब्दांच्या उत्तरात होत असते. म्हणून हा प्रसंग सांगण्याचे धाडस करतो.

आम्ही नेरूळला राहतो. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने खाडीपलीकडच्या शेतांवर आणि मिठागरांवर जे शहर वसविले, त्यातील हा एक भाग. १९९२ साली मानखुर्दहून रेल्वे खाडी ओलांडून वाशीला आली आणि पुढच्याच वर्षी नेरूळपर्यंत पोहोचली. तिच्याबरोबर माणसेही आली. मूळ गावठाणांतील आगरी-कोळी कुटुंबे सोडली, तर येथे पिढीजात असे कोणी नाही. आमच्या धर्मग्रामातही रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर कोकणी, तुळू, मल्याळम, वसईची बोली आणि मराठवाड्याची मराठी अशा साऱ्या भाषा एकमेकींत मिसळतात. अशा नगरात शेजार जन्माने मिळत नाही, तो जोडावा लागतो. तो जोडण्याची ठिकाणेही ठरलेली असतात. दूधवाला, वाणी, बेकरी, इस्त्रीवाला यांच्या दुकानांच्या उंबरठ्यावर परकी माणसे हळूहळू एकमेकांची होतात. दुकानदार आपले नाव विचारतो, मुले कोणत्या शाळेत जातात ते विचारतो, आणि एक दिवस आपण सुटे पैसे विसरलो तर ‘राहू द्या, उद्या द्या’ म्हणतो. त्या एका वाक्याने माणूस त्या गावचा होतो.

आमच्या वसाहतीपासून पाच मिनिटांवर असेच एक छोटे पिझ्झ्याचे दुकान सुरू झाले. मालक तरुण, मराठी, जहाजावरच्या स्वयंपाकघरात काही वर्षे नोकरी करून परतलेला. दुकानात टेबले जेमतेम आठ. परंतु माणूस हौशी. पीठ आदल्या रात्री मळून ठेवायचा, ते सावकाश फुगू द्यायचा, आणि काचेपलीकडे उभा राहून ते हातांवर पसरताना मुलांना दाखवायचा. पिझ्झा हे मुळात नेपल्सच्या गोरगरिबांचे खाणे. आपल्या भाकरीसारखेच ते पीठ, पाणी, आच आणि हाताची सवय यांवर उभे आहे. ते करणाऱ्या नेपल्सच्या कारागिरांच्या कलेला २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. आपल्या देशात डॉमिनोज आणि पिझ्झा हट या परदेशी नावांची पहिली दुकाने १९९६ साली निघाली, तेव्हा पिझ्झा ही श्रीमंतांच्या मुलांची चैन होती. आज तो आमच्यासारख्या पगारदारांच्या घरचाही रविवार झाला आहे. मोठ्या मुलाचा दहावीचा निकाल, मुलीचा दृढीकरण संस्कार, आमच्या लग्नाचा वाढदिवस, असे आमचे सारे छोटे सण त्या आठ टेबलांपैकी खिडकीजवळच्या टेबलावर साजरे झाले. आमच्यापैकी कोणाला ऑलिव्ह चालत नाहीत आणि कोणाला मिरची जास्त लागते, हे तेथे सांगावे लागत नसे.

मग दहावा दिवस उजाडला. अर्थात तो एका दिवशी उजाडला नाही. आधी पिझ्झ्याचा तळ जरा जाड आणि कोरडा लागू लागला. मग मधोमध तो कच्चा राहू लागला. चीजला पूर्वी जी तार सुटायची ती सुटेनाशी झाली. गार झाल्यावर ते मेणासारखे दातांना चिकटू लागले. खोके पूर्वीइतकेच, पण आतला पिझ्झा त्यात सैल फिरू लागला. किंमत मात्र तीच. टेबलावरचा आधीच्या गिऱ्हाइकाचा सॉस पुसलेला नसे, पाणी दोनदा मागावे लागे, वीस मिनिटांच्या जागी पन्नास मिनिटे बसावे लागे. काउंटरवरचा मुलगा समोर उभ्या असलेल्या माणसाकडे न पाहता फोनवरून आलेल्या मागण्यांचे कागद फाडण्यात गुंतलेला असे. मालक क्वचित दिसे. दिसला, की बिल घेताना नेहमीच्या हसऱ्या चेहऱ्याने विचारी, ‘काका, कसं होतं?’

आणि आम्ही म्हणत असू, ‘छान.’

या ‘छान’विषयी पुढे सांगतो. आधी त्या संध्याकाळविषयी सांगितले पाहिजे. उपवासकाळातला शुक्रवार होता. ‘क्रुसाची वाट’ करून आम्ही सहकुटुंब थेट तेथे गेलो. साधा भाज्यांचा पिझ्झा मागविला आणि पाऊण तास थांबलो. पिझ्झा आला, मुलांनी भुकेने पहिला घास घेतला, आणि त्यात कोंबडीचे तुकडे निघाले. गेल्या सात-आठ महिन्यांत जे जे गिळले होते ते सारे त्या क्षणी आमच्या तोंडातून बाहेर पडले. काउंटरवर जाऊन आम्ही त्या मुलाला नको ते बोललो. तळ कच्चा का, चीज असे का, टेबल घाण का, तुला कामाची लाज आहे की नाही, येथपर्यंत बोललो. मुलगा झारखंडकडचा, विशीतला. तो एक शब्द बोलला नाही. खाली पाहत त्याने ताट उचलले आणि पंचवीस मिनिटांनी दुसरा पिझ्झा आणून ठेवला. आजूबाजूची माणसे माना खाली घालून खात होती. आम्ही पैसे दिले आणि दुकान जिंकल्याच्या थाटात बाहेर पडलो.

ती विजयी चाल रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंतच टिकली. कोपऱ्यावर आमची चौदा वर्षांची मुलगी म्हणाली, “पण तुम्ही तर दर वेळी छान म्हणत होता.”

पुढचा रस्ता कोणी काही बोलले नाही. घरी आल्यावर आमच्यापैकी एकाला सुचले, की सारी हकिकत वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकावी, म्हणजे मालकाचे डोळे उघडतील. मजकूर लिहूनही झाला होता. मुलीच्या त्या एका वाक्यामुळे तो पाठविण्याचा धीर झाला नाही. तिच्या वाक्यात सारा प्रश्न होता. दुकानदाराचे गिऱ्हाइकाप्रति कर्तव्य असते, हे आम्ही गृहीतच धरले होते. गिऱ्हाइकाचेही दुकानदाराप्रति काही कर्तव्य असते काय? पैसे मोजल्यावर आपली जबाबदारी संपते, की आणखी काही देणे उरते?

हा प्रश्न जुना आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलोजिए’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा स्वतंत्र विचार केला आहे. त्यांच्या मते विकलेल्या वस्तूत तीन प्रकारचे दोष असू शकतात: वस्तूच्या जातीत, तिच्या मापात, किंवा तिच्या गुणात. दोष ठाऊक असून विकणारा फसवणूक करतो. ठाऊक नसेल तर त्याला दोष लागत नाही, पण कळल्यावर भरपाई करण्यास तो बांधलेला आहे. आमच्या पिझ्झ्याला हे माप लावून पाहिले, तर तिन्ही प्रकार सापडतात. खोक्यात सैल फिरणारा पिझ्झा हा मापातला दोष, कच्चा तळ हा गुणातला. आणि दुधाच्या चीजऐवजी वनस्पती तेलाचे चीजसारखे दिसणारे काही घातले असेल, तर तो जातीतला दोष, तांब्याला सोने म्हणण्यासारखा. आपल्या आजच्या अन्नसुरक्षेच्या नियमांचाही रोख हाच आहे. असा पदार्थ विकण्यास मनाई नाही. पण त्याला चीज म्हणता येत नाही, त्याचे खरे नाव सांगावे लागते. गुन्हा स्वस्त वस्तू विकण्यात नाही, तिचे नाव लपविण्यात आहे.

परंतु अक्विनास येथे थांबत नाहीत, आणि आमची अडचण तेथूनच सुरू होते. हाच न्याय ते विकत घेणाऱ्यालाही लावतात. विकणारा अजाणतेपणी सोन्याला तांबे समजून विकत असेल आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेल, तर तो घेणाराही अन्याय करतो आणि परतफेडीस बांधलेला राहतो. म्हणजे सौदा हे दोन माणसांमधले सत्य आहे. त्यातील जे एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, ते गिळून बसण्याची मुभा कोणालाच नाही. आम्हांला ठाऊक होते की पिझ्झा बिघडला आहे. मालकाला ठाऊक होते की नाही, हे आम्हांला ठाऊक नव्हते. पण त्याने विचारले होते. एकदा नव्हे, दर वेळी विचारले होते. आणि आम्ही दर वेळी त्याला खोटे सांगितले होते.

कोणी म्हणेल, हे खोटे कसले? हा तर शिष्टाचार. पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकाला नावे ठेवू नयेत, हे संस्कार आपल्यावर लहानपणापासून आहेत. खरे आहे, आणि शेजारच्या घरी जेवताना ते संस्कार पाळलेच पाहिजेत. पण यजमान आणि दुकानदार यांत फरक आहे. यजमान आपल्याला प्रेमाने जेवू घालतो. त्याचा संसार आपल्या मतावर चालत नाही. दुकानदाराचा चालतो. त्याचा ‘कसं होतं?’ हा प्रश्न त्याच्या धंद्याची नाडी पाहण्याचा प्रश्न आहे. आजाऱ्याने वैद्याला ‘बरे आहे’ असे खोटे सांगावे, तसे आमचे ‘छान’ होते. शिवाय त्यामागे शिष्टाचारापेक्षा आळस आणि भीडच अधिक होती. खरे सांगावयाचे तर थांबावे लागते, शब्द निवडावे लागतात, समोरच्याचा पडलेला चेहरा पाहावा लागतो. ‘छान’ म्हटले, की दोन सेकंदांत सुटका होते. आम्ही आमची सुटका केली आणि तिला सौजन्य असे नाव दिले. हासुद्धा नाव लपविण्याचाच प्रकार झाला.

दुकानदाराच्या सचोटीविषयी इमान्युएल कान्ट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली एक साधे उदाहरण दिले होते. एक वाणी सर्वांना एकाच भावाने माल देतो. लहान मूल आले तरी त्याला फसवीत नाही. एवढ्यावरून तो प्रामाणिक आहे असे म्हणता येईल काय? कान्टचे उत्तर असे, की नाही. कदाचित एकच भाव ठेवणे त्याच्या फायद्याचे असेल म्हणून तो तसे करीत असेल. बाहेरून दोन्ही वागणी सारखीच दिसतात. मग फरक कधी कळतो? आमच्या समजुतीप्रमाणे तो कळतो गिऱ्हाईक बोलेनासे होते तेव्हा. ज्या दिवशी चीज बदलले आणि कोणी काही म्हटले नाही, त्या दिवशी आमच्या मालकाच्या सचोटीची परीक्षा होती. तो नापास झाला हे खरे; पण त्या परीक्षेला त्याला आम्ही एकटे सोडले होते. माणसाचा प्रामाणिकपणा त्याच्या एकट्याच्या छातीवर उभा राहत नाही. त्याला सभोवतालच्या जाणत्या नजरांचा आधार लागतो. सुताराच्या कामाला पूर्वी गावातले म्हातारे हात लावून पाहत, भाकरी थापणाऱ्या सुनेची भाकरी सासू उलटून पाहत असे. ती नजर जाचक होई, हेही खरे. पण मुळीच नजर नसणे हा दुसऱ्या टोकाचा जाच आहे. त्यात चांगले काम करणाऱ्याला आपले काम चांगले आहे हेही कळत नाही.

यावर व्यवहारी वाचकाचा आक्षेप ठरलेला आहे. एवढा काथ्याकूट कशाला? दुकान बिघडले, दुसरीकडे जा. नेरूळात, सीवूड्सला, बेलापूरला पिझ्झ्याची दुकाने काय थोडी आहेत? गिऱ्हाइके गेली की मालक आपोआप ताळ्यावर येईल. हा बाजाराचा न्याय आहे, आणि वरवर तो बिनतोड वाटतो. त्याची खरी परीक्षा अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने केली. १९१५ साली बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या गृहस्थाला १९३३ साली, हिटलर सत्तेवर आल्यावर, स्वतःच देश सोडावा लागला होता. तेव्हा निघून जाणे म्हणजे काय, हे तो पुस्तकांतून शिकलेला नव्हता. १९७० साली त्याने ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे छोटेसे पुस्तक लिहिले. एखादी संस्था ढासळू लागली की तिच्या माणसांपुढे दोन मार्ग असतात: मुकाट्याने निघून जाणे किंवा राहून बोलणे. नायजेरियाच्या रेल्वेकडे पाहताना त्याला एक कोडे पडले. उत्तरेचा भुईमूग शेकडो मैल दूरच्या बंदरांपर्यंत रेल्वेऐवजी ट्रकांनी जाऊ लागला होता. एवढी गिऱ्हाइके गेल्यावर रेल्वेने सुधारावयास हवे होते. पण ती सुधारली नाही. का? कारण ज्यांना वाईट सेवा सर्वांत जास्त सलत होती, ज्यांनी आरडाओरडा केला असता, तीच माणसे सर्वांत आधी ट्रकांकडे गेली. मागे राहिली ती न बोलणारी. दर्जाची चाड असलेला माणूस गेला, की संस्थेचा आवाजही त्याच्याबरोबर जातो.

हे वाचताना आम्हांला पिझ्झ्याचे दुकान कमी आणि इतर गोष्टी जास्त आठवल्या. नगरपालिकेच्या शाळा आठवल्या. ज्या पालकांनी मुख्याध्यापकांना जाब विचारला असता, त्यांनी मुले कधीच खासगी शाळांत घातली. सोसायटीच्या सभा आठवल्या. जे बोलले असते ते सभेला येतच नाहीत. आमच्या धर्मग्रामातील गायकवृंद आठवला. चांगला आवाज असलेले दोघे-तिघे काही न सांगता दुसऱ्या चर्चच्या मिस्सेला जाऊ लागले, आणि आम्ही मात्र गायनाच्या ढासळण्याविषयी पायऱ्यांवर उभे राहून हळहळतो. निघून जाण्यात सभ्यता वाटते, भांडण टळते. पण मागे राहणाऱ्यांवर आपण काय लादून जातो, याचा हिशेब निघून जाणारा करीत नाही.

मग निघून जाऊ नये आणि बोलावे, हे ठरले. पण कोणाशी? येथे आमचा दुसरा अपराध येतो, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा आहे. आम्ही बोललो खरे, पण त्या काउंटरवरच्या मुलाशी. वड्याचे तेल वांग्यावर काढले. चीज त्याने निवडलेले नव्हते, माणसे त्याने कमी केलेली नव्हती, पिझ्झ्याचा घेर त्याने ठरविलेला नव्हता. त्याच्या हाती होते ते फक्त एक टेबल पुसणे आणि एका कागदावरचे अक्षर नीट वाचणे. तेवढ्याबद्दल त्याला एक वाक्य ऐकविणे न्याय्य होते. उरलेली दहा वाक्ये मालकाची होती. आणि मालकापुढे ती बोलण्याची आमची छाती नव्हती, म्हणून जो उलट बोलू शकत नाही त्याच्यावर ती ओतली. संतापाला उतार सापडतो तो नेहमी गरिबाच्या दाराशीच.

गिऱ्हाइकाच्या सोयीची किंमत कोण मोजतो, हा विचार आपण टाळतो. अमेरिकेत डॉमिनोज कंपनीने अर्ध्या तासात पिझ्झा घरपोच देण्याचे वचन दिले होते. घाईने गाड्या हाकणाऱ्या मुलांच्या अपघातांवरून कोर्टात दावे उभे राहिले, आणि १९९३ साली कंपनीला ते वचन तेथे मागे घ्यावे लागले. वचन कंपनीचे होते, लाभ गिऱ्हाइकाचा होता, आणि धोका वाटेतल्या मुलाचा व रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा होता. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ सालच्या आपल्या श्रमविषयक परिपत्रात हेच आग्रहाने मांडले, की कामाची प्रतिष्ठा काय काम केले यावर ठरत नाही. ते करणारा माणूस आहे, यावर ठरते. पन्नास मिनिटे उशीर झाला तेव्हा आम्ही घड्याळाकडे पाहत होतो. त्या मुलाकडे पाहिले असते, तर काउंटर, टेबले आणि पार्सले ही तिन्ही कामे तो एकटाच करतो आहे, हे सात-आठ महिन्यांपूर्वीच दिसले असते.

याचा अर्थ गिऱ्हाइकाने सारे सोसावे, असा मुळीच नाही. सोशीकपणाचे गोडवे गाऊन फसवणुकीला पोसणे हाही अन्यायच. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून सामान्य कुटुंबांना एकत्र करून दाखविले, की एकेकट्याने कुरकुरण्यापेक्षा संघटितपणे चांगला माल रास्त भावाने मिळविता येतो. १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, आणि २०१९ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. हे सारे हक्क कष्टाने मिळालेले आहेत आणि गरज पडेल तेव्हा ते वापरलेच पाहिजेत. पण कायद्याच्या हाती असते ती नुकसानभरपाई. नीट मळलेले पीठ कायदा देऊ शकत नाही. ते मन लावणाऱ्या माणसाकडूनच मिळते. आणि कोर्टाची पायरी ही शेवटची पायरी आहे. शुभवर्तमानात बंधूच्या चुकीविषयी जो क्रम सांगितला आहे तो आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे: आधी एकट्याने जाऊन त्याला एकट्याला सांगावे, मग एक-दोघांना बरोबर न्यावे, आणि मगच सभेपुढे न्यावे. आम्ही हा जिना वरून उतरावयास निघालो होतो. चारचौघांसमोर ओरडणे झाले होते, वसाहतीच्या गटावरचा मजकूर तयार होता, आणि पहिली पायरी अजून कोरी होती.

पुढच्या आठवड्यात, दुपारच्या निवांत वेळी आम्ही मालकाला भेटावयास गेलो. शब्द घरून ठरवून नेले होते. चूक कोंबडीची नव्हे, ती कोणाच्याही हातून होते. पण गेल्या काही महिन्यांत तळ, चीज आणि घेर बदलला आहे, टेबले अस्वच्छ असतात, आणि तो मुलगा एकटा पुरा पडत नाही, एवढे सांगितले. तो बराच वेळ गल्ल्यावरच्या वहीकडे पाहत राहिला. मग त्याचे म्हणणे त्याने मांडले. जागेचे भाडे वाढले होते. घरपोच मागण्या आणून देणाऱ्या कंपन्या प्रत्येक बिलातून आपला वाटा कापून घेत होत्या. पीठ मळणारा जुना आचारी जास्त पगारावर दुसरीकडे गेला होता. भाव वाढविला तर गिऱ्हाईक तुटेल या भीतीने त्याने घेर कमी केला, आणि चीजमध्ये निम्मे ते दुसरे स्वस्त मिसळू लागला. हे त्याने स्वतःहून सांगितले. आम्ही विचारले नव्हते.

मग तो म्हणाला, “काका, तुम्ही आधी का नाही सांगितलंत? मी तर प्रत्येकाला विचारत होतो. सगळे छान म्हणाले. मला वाटलं, कोणाला फरकच कळत नाही.”

या वाक्याने त्याचा अपराध पुसला जात नाही. गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणून वस्तू बदलावी, हे समर्थन होऊच शकत नाही. उलट कळत नसेल तर जबाबदारी वाढते. हे आम्ही त्याला तेथेच सांगितले, आणि त्याने ते मान्य केले. पण त्याच्या वाक्यात एक दुःखही होते, आणि ते आमच्या वाट्याचे होते. मन लावून केलेले काम आणि उरकलेले काम यांना एकच शब्द मिळाला, तर मन लावणारा किती दिवस मन लावील? आम्ही वाईटाला छान म्हटले, तेव्हा पूर्वीच्या चांगल्यालाही आम्ही मागाहून खोटे ठरविले होते. त्याला कसे कळावे, की पहिल्या वर्षाचे छान खरे होते?

महिन्याभराने दुकानात एक पाटी लागली. पिझ्झ्याचा घेर किती, ते तिच्यावर लिहिले होते. अस्सल दुधाच्या चीजचा पिझ्झा चाळीस रुपयांनी महाग झाला होता, आणि स्वस्त पिझ्झ्यात काय आहे तेही साध्या मराठीत नमूद होते. ही पाटी वाचताना आमच्या ध्यानात आले, की आता परीक्षा आमची आहे. दर्जा गेला म्हणून ओरडणारे आम्ही, दर्जाचे पैसे मोजण्यास तयार आहोत काय? की आम्हांला जुन्या भावात जुनी चव आणि वर हसरा चेहरा, असे सारे हवे होते? वस्तूची खरी किंमत न देता खरी वस्तू मागणारे गिऱ्हाईकही दुकानदाराला लबाडी शिकविते. आम्ही महागातला मागविला. पूर्वी महिन्यातून दोनदा जात होतो, आता एकदा जातो. हिशेब सरळ झाला.

सारे पूर्ववत झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. नवा आचारी शिकतो आहे. तळ अजूनही कधी कधी मधोमध ओला असतो. आता बिल देताना आम्ही तसे सांगतो. पहिल्यांदा सांगताना जीभ जड झाली होती. तिसऱ्या वेळी ती सैल झाली. आणि ज्या दिवशी पिझ्झा खरोखर उत्तम निघाला, त्या दिवशी ‘छान’ म्हणताना तो शब्द बऱ्याच दिवसांनी आमचा आम्हांला खरा वाटला. मालकालाही तो वाटला असावा. तो आत जाऊन आचाऱ्याला सांगून आला.

त्या मुलाची क्षमा मागणे तेवढे राहिले होते. मालकाशी बोलण्यापेक्षा ते कठीण गेले. दोनदा दाराशी जाऊन आम्ही परत फिरलो. शेवटी एका संध्याकाळी काउंटरपाशी जाऊन म्हटले, की त्या शुक्रवारी आम्ही तुला जे बोललो ते बोलावयास नको होते. त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले. आता त्याच्या मदतीला आणखी एक मुलगा आला होता. तो मागे टेबल पुसत होता. “ठीक आहे, अंकल,” तो म्हणाला, आणि पेन्सिल उचलून विचारले, “इथेच खाणार की पार्सल?”

आम्ही म्हटले, इथेच.